परवाना मिळाला, आता बेताच्या बजेटमध्ये भरवशाची हँडगन कोणती? (नागपूर)

वर्धारोडकर:
नमस्कार मंडळी. वर्धा रोडवर आमचा घरचा पेट्रोल पंप आहे. मोठा भाऊ आणि मी मिळून चालवतो. रात्रीचा गल्ला मोजायचा, सकाळी बँकेत भरायचा, आणि तेवढ्या वेळात घरच्यांचा जीव टांगणीला. पोलीस आयुक्तालयातून आता .३२ बोअरच्या (नळीच्या मापाच्या) हँडगनचा परवाना हातात आला आहे. चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं रीतसर झालं. घ्यायचं काय, यावर मात्र घरात एकमत होत नाही.

ज्या दुकानात गेलो तिथे आधी जुना इंग्लिश वेब्ली पुढे केला, मग जुनं वॉल्थर. किमती ऐकून चहा न घेताच निघालो. "विदेशी घ्या, जन्मभराची निश्चिंती," असं दुकानदाराचं म्हणणं. मला मिरवायचं नाही. बजेट बेताचं आहे. वर्षातले बहुतेक दिवस ती कुलपातच राहणार, पण काढली तर चालली पाहिजे. ज्यांच्याकडे स्वस्तातली, साधी हँडगन आहे आणि जिने कधी दगा दिला नाही, त्यांनी कृपया लिहा.

सुभेदार_कामठी:
भाऊ, सैन्यात माझी बरीच नोकरी हत्यारांच्या दुरुस्तीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विदेशी मालाचा भाव कशामुळे चढला ते आधी समजून घ्या. सामान्य नागरिकाने परदेशातून हत्यार आणणं १९८० च्या दशकातच बंद झालं. त्यामुळे बाजारात फिरणारा जवळपास प्रत्येक विदेशी नग पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा तरी असतो, काही तर स्वातंत्र्याच्या आधीचे. नवा माल येत नाही, हौस काही कमी होत नाही, म्हणून लाखांत बोली लागते. त्या पैशात तुम्हाला थकलेली स्प्रिंग, कुणी कुणी कानस मारलेला घोडा (काडतुसावर आदळणारी हातोडी) आणि न मिळणारे सुटे भाग मिळतात. चांगले नगही आहेत, मी हाताळलेत. पण ते ओळखायला नजर लागते, आणि ज्याच्याकडे ते आहेत तो सहसा विकत नाही.

तुमच्या गरजेला सरकारी कारखान्याचं नवं .३२ रिव्हॉल्व्हर पुरेसं आहे. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं. सहा गोळ्यांचं, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. रचना जुन्या वेब्लीच्याच वळणाची: वरची कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि रिकामी काडतुसं एकदम बाहेर उचलली जातात. चाप जड आहे, अंगावरची सफाई विदेशी नगासारखी नाही. पण आतले भाग थोडे, जाडजूड आणि समजायला सोपे. भरवसा त्यातून येतो.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढायचा, पुढच्या गोळीचं घर आपसूक समोर येतं. पिस्तुलात दोन्ही हात लावून स्लाइड मागे ओढावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाला ते तेव्हाच आठवतं जेव्हा त्याने ते शेकडो वेळा केलेलं असतं.

काटोलचा_संत्रेवाला:
सुभेदार काकाजी बरोबर सांगून रायले. माझ्या घरी बाबाची .३२ हाय, कानपूरचीच. बाबा गेल्यावर वारसाहक्कानं माझ्या परवान्यावर चढवून घेतली. संत्र्याच्या सीझनमध्ये व्यापाऱ्याचा पैसा घरात येते, बगिचा गावापासून दूर, म्हणून ठेवा लागते. आजपर्यंत एकदाबी धोका नाई देल्ला. बाबा तिले दर पोळ्याच्या आधी आन् दर होळीच्या आधी खोलून पुसत. मीबी तेच करतो. बाकी काहीच केलं नाई तिले.

धरमपेठी:
एक शंका. आपल्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ही रिव्हॉल्व्हरं बनत नाहीत का? मग नागपूरकरांना कानपूरचा फेरा कशाला?

सुभेदार_कामठी:
नाही. अंबाझरीत तोफगोळ्यांची कवचं, पिनाका रॉकेटचे भाग अशी कामं होतात. १ ऑक्टोबर २०२१ ला या सरकारी कारखान्यांचं ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. अंबाझरी 'यंत्र इंडिया'मध्ये गेली, तिचं मुख्यालय इथेच नागपुरात आहे. कानपूरचा हत्यारांचा कारखाना दुसऱ्या कंपनीत गेला, आणि काडतुसं बनवणारा खडकीचा कारखाना तिसऱ्या. .३२ च्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं तर ते खडकीचं. आणि कानपूरचा फेरा तुम्हाला पडत नाही, परवानाधारक विक्रेता मागवून देतो.

वर्धारोडकर:
काकाजी, मनापासून आभार. किमतीचं एक सांगतो. विक्रेत्याने आधी दिलेलं कोटेशन आणि आत्ताचं यात बराच फरक पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. म्हणजे 'स्वस्त' म्हटलं तरी आता ते पूर्वीसारखं स्वस्त राहिलं नाही. म्हणूनच एकदाच आणि नीट घ्यायचं आहे. वजनाने हलकी 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही पाहिली, आणि सरकारी कारखान्याचं 'अशनी' पिस्तूलही. त्याबद्दल कुणी सांगेल का?

धरमपेठी:
निर्भीक माझ्या पाहण्यात आहे. जानेवारी २०१४ मध्ये आली, कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीची. मिश्रधातूची, वजन ५०० ग्रॅम. तेव्हाच किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात होती. महिलांसाठी म्हणून तिचा गाजावाजा झाला. हाताला छान बसते. पण माझ्या मते हे दोनशे ग्रॅम तुम्ही फार महाग विकत घेता. ज्याला दिवसभर कमरेला बाळगायची आहे त्याने विचार करावा. तुमची तर गल्ल्याजवळच्या कुलपात राहणार.

इच्छापूरच्या कारखान्याची 'निडर' नावाची .२२ ची छोटी रिव्हॉल्व्हरही आहे. अडीचशे ग्रॅमची, आली तेव्हा पस्तीस हजारांच्या आसपास होती. तेव्हा ती स्वस्तातली होती. पण तुमचा परवाना .३२ चा, तेव्हा तो विषय संपला. आणि .२२ च्या काडतुसात आग लावणारं मिश्रण बुडाच्या काठात भरलेलं असतं. अशी काडतुसं मधोमध टोपी (त्याच मिश्रणाची) असलेल्या काडतुसापेक्षा जास्त वेळा फुसकी निघतात.

नेमबाज_रेवती:
पिस्तुलाबद्दल मी लिहिते. मी स्पर्धेची नेमबाज आहे, आता मुलांना शिकवते.

पिस्तुलातलं .३२ आणि रिव्हॉल्व्हरमधलं .३२ ही वेगवेगळी काडतुसं आहेत. दादा, दुकानात हे नीट बघून घ्या. पिस्तुलाचं आखूड असतं आणि त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझीन (गोळ्यांची डबी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल जागीच थांबतं. म्हणून प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या पुढे बसवत भरावी लागते. दुसरं, मॅगझीनचे वरचे दोन ओठ. मॅगझीन एकदा फरशीवर पडलं आणि ओठ केसभर वाकला की पिस्तूल कितीही चांगलं असो, गोळी तिरकी चढते. मुलांच्या हातून मॅगझीन पडलं की मी आधी ओठच पाहते.

अशनी वाईट नाही. चापटी आहे, कपड्यात दिसत नाही. नियमित सराव करणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. वर्षातून एकदा बाहेर काढणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हरच सांगेन.

स्वस्त आणि भरवशाचं म्हटलं की मला मात्र वेगळीच वस्तू आठवते: रशियातल्या इझेव्स्कची बायकाल इझ-४६ एअर पिस्तूल. खालचा लांब दांडा एकदा ओढून मिटवला की एका नेमाची हवा तयार. सिलिंडर नाही, पंप नाही, बॅटरी नाही. दिसायला ओबडधोबड, पण कागदावर तिची छिद्रं तिच्या अनेक पट किमतीच्या जर्मन-ऑस्ट्रियन पिस्तुलांच्या जवळ पडतात. त्या खेळात दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढं. जगभरच्या कित्येक क्लबांत पोरं या एका पिस्तुलावर शिकली. जितके भाग कमी, तितकं बिघडायला कमी, हे तिच्याकडे पाहून कळतं.

वर्धारोडकर:
रेवतीताई, हे मॅगझीनच्या ओठांचं कुणीच सांगितलं नव्हतं. रिव्हॉल्व्हरच घेतो. आता काकाजी, दुकानात एकाच मॉडेलचे दोन-तीन नग पुढे आले तर त्यातला कोणता उचलायचा?

सुभेदार_कामठी:
हा खरा प्रश्न. लोक मॉडेलवर महिनाभर वाद घालतात आणि नग पाच मिनिटांत उचलतात. उलट करा. विक्रेत्याला विचारून, काडतुसं बाजूला ठेवून, सावकाश बघा.

आधी उघडा आणि सहाही घरं रिकामी असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा, बोटानेही चाचपा. मग नळी उजेडाकडे धरा. आतले पीळ स्वच्छ, धारदार दिसले पाहिजेत. मधेच गडद वर्तुळ दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते, तो नग परत द्या. मिटवताना वरची कळ 'खट्' आवाज करून पूर्ण बसली पाहिजे. मिटवल्यावर एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात नळी धरून हलकेच हलवा. सांध्यात खेळ जाणवला तर तो पुढे वाढतच जातो.

आता चरखी, म्हणजे सहा घरांचं फिरतं नळकांडं. घोडा अगदी हळू मागे ओढा, अंगठ्याने, जणू थांबवायचाच आहे असा. घोडा अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी चरखी आपल्या जागी पक्की झाली पाहिजे. हे सहाही घरांवर करा, एखाद्यावर नाही. पाच घरं बरोबर आणि सहावं किंचित मागे राहिलेलं असा नग मी पाहिला आहे, झाडताना शिशाचा कपचा बाजूला उडायचा. घोडा चढलेला असताना चरखी बोटाने फिरवून बघा. केसभर हालचाल चालते, डुगडुगणं चालत नाही.

मग शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. घोडा चढवा, चापाला बोट न लावता अंगठ्याने घोड्याच्या पाठीवर पुढच्या बाजूला जोर द्या. सुटला तर तो नग कितीही स्वस्त असो, हात लावू नका. आतला दात झिजला आहे, किंवा कुणी चाप हलका करायला घासला आहे. चाप जड आहे म्हणून गल्लीतल्या कारागिराकडून हलका करून घेणारे लोक भेटतात. तो जडपणा तुमच्या सुरक्षेसाठी ठेवलेला आहे. सरावाने बोट तयार होतं.

अंगावरचा क्रमांक, परवान्यावर चढणारा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक तिथेच उभं राहून जुळवा.

काटोलचा_संत्रेवाला:
जुनी घेत असाल तरी हेच पाहा लागते भाऊ. आन् जुन्यामध्ये घोड्याची स्प्रिंग पयले बदलून घ्या, परवानावाल्या कारागिराकडून. स्प्रिंग ढिली असली की पिन टोपीवर नुसती टिचकी मारते, काडतूस चांगलं असून फुटत नाई. लोक काडतुसाले शिव्या देतात.

वकील_सिव्हिललाइन्स:
जुनी घेण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून कायद्याचं. परवानाधारकाकडून परवानाधारकाने घेता येते, पण विकणाऱ्याने आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. व्यवहार तोंडी करू नका, नातेवाइकाशीसुद्धा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. परवाना आता पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला तर पोचपावतीवर क्रमांक तपासून घ्या आणि जमा करण्याआधी हत्याराला तेलाचा हात द्या.

धागा व्यवस्थापक:
'कागदपत्राशिवाय मध्य प्रदेशातून स्वस्तात माऊझर मिळेल' असा एका नव्या सदस्याचा प्रतिसाद काढून टाकला आहे आणि ते खातं बंद केलं आहे. विनापरवाना हत्यार बाळगणं हा किमान दोन वर्षं कैदेचा गुन्हा आहे. या धाग्यावर फक्त परवान्यावरच्या हत्यारांबद्दल बोलावं.

सुभेदार_कामठी:
व्यवस्थापकांचे आभार. याबद्दल दोन वाक्यं लिहू द्या, कारण तरुण पोरं वाचत असतात. देशी कट्ट्याची नळी कधी पाण्याच्या पाइपची, कधी गाडीच्या लोखंडी दांड्याची असते. कारखान्यात प्रत्येक नळीवर नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून बघतात आणि मगच तिच्यावर शिक्का मारतात. कट्ट्याच्या नळीची अशी परीक्षा पहिल्यांदा होते ती झाडणाऱ्याच्या तोंडासमोर. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

धरमपेठी:
आता नागपूरच्या हवेचं सांगतो, कारण ते दुकानात कुणी सांगणार नाही. आपल्याला वाटतं उन्हाळा कोरडा, पंचेचाळीस अंश, गंज कुठून येणार? पण एप्रिलपासून घराघरात कूलर सुरू असतो. बंद खोलीत खसच्या जाळ्यांवरून पाणी वाहतं आणि रात्रभर तीच दमट हवा लोखंडी कपाटाच्या फटीतून आत जाते. माझ्या मेहुण्याच्या घरी कूलर बरोबर कपाटासमोर. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात, काडतुसं चामड्याच्याच पट्ट्यात. मृगाच्या आधी बाहेर काढली तर नळीच्या तोंडाशी तांबूस कडं, आणि प्रत्येक काडतुसाच्या पितळेवर, चामड्याच्या पट्टीने धरलं होतं तिथे, हिरवी मेणचट रेघ. काही काडतुसं तर पट्ट्यातून निघेनात. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि ओल, दोन्ही मिळून पितळ खातात.

म्यान फक्त बाळगण्यासाठी. ठेवताना सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि तो डबा कुलपात.

नेमबाज_रेवती:
तेलाबद्दल एक भर. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असं समजून लोक अक्षरशः न्हाऊ घालतात. पातळ तेल घरांमधून झिरपत काडतुसाच्या टोपीपर्यंत जातं आणि आतलं मिश्रण मारून टाकतं. पुसून कापडाला ओल लागेल-न लागेल इतकंच ठेवा. घरं कोरडी.

वर्धारोडकर:
काडतुसं किती दिवस चांगली राहतात?

सुभेदार_कामठी:
नीट ठेवली तर अनेक वर्षं. पण जी काडतुसं प्रसंगासाठी भरून ठेवता ती दरवर्षी रेंजवर झाडून संपवा आणि नवी घ्या. त्यात सरावही होतो आणि लॉट कसा आहे तेही कळतं. नवा डबा आणला की त्यातली काही झाडून बघितल्याशिवाय उरलेल्यांवर विश्वास टाकू नका. मला एका डब्यातली काडतुसं एकामागून एक फुसकी निघालेली आठवतात, हत्याराचा काहीच दोष नव्हता.

रेंजवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. चाप ओढला आणि बार निघाला नाही, तर नळी निशाणाकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. कधी कधी दारू उशिरा पेटते. लगेच दुसऱ्यांदा चाप ओढण्याचा जो गुण मी वर सांगितला तो जीवावर बेतलेल्या प्रसंगासाठी, सरावासाठी नाही. आणि बार नेहमीपेक्षा दबका, 'फुस्स' असा वाटला तर तिथेच थांबा. उघडा, रिकामी करा, नळीत गज घालून बघा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फाटते.

नेमबाज_रेवती:
घरच्यांबद्दलही लिहिते. पंपावर पोरं कामाला असतात, घरी मुलं असतील. दादा, चावी एकाच माणसाकडे. जागा तुमच्या वहिनींनाही माहीत असावी, पण नोकरांना नाही. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हत्यार रिकामं आहे का, हे तपासायला शिकवा.

वर्धारोडकर:
सगळ्यांचे सल्ले कागदावर लिहून दुकानात गेलो. एकाच मॉडेलचे तीन नग काढायला लावले. पहिल्याचा सांधा किंचित हलत होता. दुसऱ्याची चरखी एका घरावर उशिरा बसत होती, काकाजींनी सांगितलं नसतं तर मला ते दिसलंही नसतं. तिसरा सगळ्या तपासण्यांत उतरला. विक्रेता आधी वैतागला, मग स्वतःच टॉर्च घेऊन नळी दाखवायला लागला. कानपूरचं .३२, साधं, काळ्या मुठीचं. जुन्या वेब्लीच्या बोलीपेक्षा पुष्कळच कमी पैशात झालं. क्रमांक परवान्यावर चढला. भाऊ म्हणाला, उरलेल्या पैशातून पंपावर चांगली तिजोरी आणि दोन कॅमेरे बसवू, आणि मला ते पटलं.

रविवारी रेंजवर नेतोय. पहिल्यांदाच झाडणार, तर किती अंतरावरून सुरुवात करू?

सुभेदार_कामठी:
शाब्बास. सुरुवात सात मीटरवरून. आधी घोडा अंगठ्याने चढवून एक-एक गोळी, घाई नाही. कागदावर गोळ्या एका जागी पडायला लागल्या की मग नुसत्या चापाने. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ विसरू नका. आणि घरी आल्यावर त्याच संध्याकाळी नळी साफ करायची, दुसऱ्या दिवशी नाही.

काटोलचा_संत्रेवाला:
मीबी येतो रविवारी. बाबाची घेऊन येतो, काडतुसं बदलायची झालीच हायेत.